लग्नाची कॅसेट

१९९४च्या ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन' आला तेव्हा नावं ठेवणारे म्हणाले, ही तर लग्नाची व्हिडिओ कॅसेट! १४ गाणी, आणि खलनायक औषधालाही नाही. तरी मुंबईच्या 'लिबर्टी'त तो १००हून जास्त आठवडे चालला.

गंमत म्हणजे गोष्ट जुनीच. राजश्रीवाल्यांनीच ती १९८२ मध्ये 'नदिया के पार'मध्ये सांगितली होती. पण तिथे खेडं होतं, बैलगाडी होती. १२ वर्षांनी तीच बंगल्यात राहायला आली. मला वाटतं, लोक तिच्यात कथा बघतच नव्हते, घरातल्या पुढच्या कार्याचा नमुना बघत होते.

माधुरी, रेणुका शहाणे, रीमा, लक्ष्मीकांत बेर्डे... माणसं सगळी आपली, पण लग्न आपलं नव्हे! आपल्याकडे अंतरपाट, मंगलाष्टकं आणि नवरीच्या भावाने नवरदेवाची करायची कानपिळी. जोडे पळवून पैसे मागणं उत्तरेकडचं. आता आपल्या करवल्याही ते हक्काने करतात, वर "आपली पद्धतच आहे" म्हणतात. कानपिळीसाठी मात्र गुरुजींना भावाला हाका माराव्या लागतात. तोही बहुतेक जोड्यांच्याच मागे असतो!