कोकणातील भिंती आणि चुन्याची सफेती

सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, जेथे दरसाल सामान्यतः शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो आणि जांभ्याचा सच्छिद्र चिरा ते पाणी शोषून घेतो, तेथे घराच्या भिंतीवर चढणाऱ्या काळ्या-हिरव्या बुरशीचा बंदोबस्त ही गृहस्थाच्या वार्षिक खर्चातील एक ठरलेली बाब होती. पावसाळ्यापूर्वी उघड्या भिंतींना नारळाच्या झावळ्यांची झापे बांधून झडीचा मारा थोपवायचा, आणि पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी, भिंत खरवडून तीवर कळीच्या चुन्याचे हात द्यायचे, ही तजवीज पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. किनाऱ्यावर शिंपले भट्टीत भाजूनही चुना सिद्ध करीत. तो अंगास लागू नये म्हणून त्यात डिंक किंवा तांदळाची खळ मिसळत. विरवलेला ताजा चुना इतका तीव्र क्षारधर्मी असतो की बुरशीस त्यात जीव धरता येत नाही. परंतु हवेतील कर्बाम्ल वायू ग्रहण करून तोच हळूहळू निरुपद्रवी खडू बनतो, आणि म्हणून दरवर्षीच्या सफेतीत केवळ सणाची हौस पाहणाऱ्यांनी त्या रिवाजाचे मर्म ओळखलेच नाही, असे मला वाटते. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. पुढे ती कौले कोकणातही आली आणि छपराची गळती पुष्कळ कमी झाली. भिंतीचे दुर्दैव मात्र सिमेंटच्या गिलाव्याने ओढवले: चुन्यातून जी ओल सहज बाहेर पडून सुकत असे, ती या कठीण कवचामागे कोंडली जाऊन जुन्या घरांतून पोपड्यांच्या रूपाने फुटू लागली.