बंबाची बोट

घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत आजोबांचा एकच हट्ट चाले. निजण्याआधी मोरीतलं पिंप काठोकाठ भरलेलं हवं. आजी करवादायची, "जल्म समुद्रात गेलो, तरी तहान भागूक नाय!"

आजोबा गोदीत बंबाच्या बोटीवर खलाशी होते. बोटीचं कागदावरचं नाव कुठलंसं इंग्रजी होतं. आजोबा तिला 'बाय' म्हणत. रस्त्यावरच्या बंबाला पाणी शोधत फिरावं लागतं, हिच्या तर पोटाखालीच समुद्र. पंपाने ओढायचं आणि पितळी तोफेतून फेकायचं. एरवीचे दिवस मात्र होज वाळत घालण्यात, पितळ घासण्यात आणि दुपारच्या पेज-सुकटीत जात. "आगीची वाट बघण्याचा पगार," असं आजी म्हणे.

आजोबा नोकरीला चिकटले ते लढाई संपल्यावर. त्यामुळे १४ एप्रिल १९४४ची गोष्ट त्यांचीही ऐकीवच, त्यांच्या म्हाताऱ्या तांडेलाकडून आलेली. तांडेलाची, आजोबांची आणि माझी भर त्यात किती, ते आता वेगळं काढता येत नाही.

'फोर्ट स्टिकिन' ही बोट फेब्रुवारीत इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघाली, ती सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि पेट्यांतून सोन्याच्या विटा घेऊन. कराचीत त्यात कापसाच्या ८,७०० गासड्यांची भर पडली. कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत! आमच्या आजीने रॉकेलचा डबाही कधी चुलीच्या खोलीत ठेवू दिला नाही. १४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमाराला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत तिच्यातून धूर दिसला. धक्क्यावरून बंब, पाण्यातून बोटी, अशा दोन्ही अंगांनी नऊशे टनांवर पाणी ओतलं गेलं. आग नेमकी कुठे आहे, ते धुरात दिसेना. खणातलं पाणी उकळू लागलं. तांडेल म्हणे, पाण्याबरोबर जळता कापूस तरंगत वर चढला आणि वरच दारूगोळा होता. हे सांगताना आजोबांचा आवाज उतरे. पाण्यावर आळ आलेला त्यांना सोसत नसे. मलाही तो पटत नाही. गासड्या कुठे रचायच्या, हे काही बंबवाल्यांना विचारून ठरलं नव्हतं.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. १,७०० किलोमीटरवरच्या शिमल्यात यंत्रांनी धक्का टिपला. 'जलपद्मा' ही चार हजार टनांची बोट उचलली जाऊन धक्क्यावर आली. बारा किलोमीटरपर्यंतच्या काचा फुटल्या, मग घाटकोपरात आजीच्या माहेरची फडताळातली भांडी वाजली, यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्या भांड्यांत एक पितळी गडू होता की दोन, यावर मात्र आजी आणि तिची बहीण मरेपर्यंत भांडल्या. दाणाबंदरच्या जळक्या धान्याचा करपट वास आजीच्या एका मामाच्या नाकातून म्हणे वर्षभर गेला नाही. भात लागला की तो पानावरून उठे. सरकारने बातमी दाबून धरली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सांगितली, इथल्या वार्ताहरांना ती द्यायला मे महिना उजाडला.

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. दर १४ एप्रिलला आजोबा धुतलेला सदरा घालून तिथे जात. परतताना रमाबाई नगरात जयंतीचे निळे झेंडे लागलेले असत; तिथलं सरबत पिऊनच ते घरी येत.

त्यांच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी बायही मोडीत निघाली आणि दारूखान्यात गेली. पुढे २०१४मध्ये 'विक्रांत'सारखी विमानवाहू बोट जिथे तोडायला घेतली, तिथे हिची काय मिजास! आजोबा हार्बरच्या गाडीने रे रोडला उतरून बघायला गेले. पत्रे निघाले होते, तोफ एका बाजूला पडली होती. त्यांनी भाव विचारला. भंगारवाल्याने पितळेचा किलोचा दर सांगितला. ही तोफ आहे, पितळ नव्हे, असं म्हणून आजोबा त्याच्याशी तासभर भांडले आणि रिकाम्या हाताने परतले.

आजीने चहाचा कप पुढे केला. म्हणाली, "बरा झाला, हाडलात नाय. नायतर ता पितळ मीयाच घाशीत बसलंय असतंय."