पत्रव्यवहार समित्या
अमेरिकन राज्यक्रांतीपूर्वी ब्रिटिश वसाहतींतील असंतोष संघटित करणाऱ्या समित्या. मॅसॅच्युसेट्समधील न्यायाधीशांचे वेतन ब्रिटिश राजसत्तेकडून दिले जाणार, या वार्तेने लोक संतापले. सॅम्युएल अ‍ॅडम्स यांच्या प्रस्तावावरून २ नोव्हेंबर १७७२ रोजी बॉस्टनच्या नगरसभेने २१ जणांची समिती नेमली. वसाहतींचे हक्क व गाऱ्हाणी मांडणारी तिची पुस्तिका गावोगाव गेली. गावसभांत तिच्यावर चर्चा होऊन ठरावरूपाने उत्तरे आली. या उत्तरांमुळेच आडगावचा शेतकरीही लढ्यात ओढला गेला. समित्यांचे खरे बळ तेथेच होते. मार्च १७७३ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने इतर वसाहतींशी संपर्कासाठी समिती नेमली. तातडीचे निरोप घोडेस्वार नेत. डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टन बंदरात चहा बुडवल्याची बातमी पॉल रिव्हिअर यांनी न्यूयॉर्कला पोहोचवली. याच संपर्कातून सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात पहिली काँटिनेंटल काँग्रेस भरली.