वटवाघूळ कोणत्या रांगेत?

संघ, वर्ग, गण, कुल ही उतरंड आपली मुले परीक्षेपुरती घोकतात आणि विसरतात. ती कोणी एका बैठकीत रचलेली नाही, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. ती कशी रचली गेली हे पाहायला एक प्राणी पुरे आहे : वडापिंपळावर उलटे लटकणारे वटवाघूळ.

इ. स. ७७६ च्या सुमारास बसरा शहरी अल्-जाहिज यांचा जन्म झाला. तरुणपणी ते तेथे रोटी व मासळी विकीत, असे सांगतात. पुढे अरबी गद्याचे ते उस्ताद ठरले. त्यांचा 'किताबुल हयवान' हा सात खंडांचा ग्रंथ म्हणजे निरीक्षणे, शेरोशायरी, किस्से आणि थट्टा यांचे अजब मिश्रण होय. चालणारे, उडणारे, पोहणारे व सरपटणारे असे प्राण्यांचे चार भाग ते प्रथम करतात. पण लगेच त्यांना अडचण जाणवते. माशी, टोळ, गांधीलमाशी उडतात; म्हणून त्यांना कोणी पक्षी म्हणत नाही. बेडूक, कासव, खेकडा पाण्यात असतात. पण ते मासे नव्हेत. ॲरिस्टॉटलच्या प्राणिग्रंथाचे अरबी भाषांतर त्यांच्यापुढे होते, आणि न पटेल तेथे त्या थोर ग्रीकालाही ते हटकतात. वटवाघूळ पिलांना जन्म देते, दूध पाजते, हे ते नोंदवतात. तरीही त्याला बसवतात मात्र पक्ष्यांतच!

आपल्याकडील काही लेखक उत्साहाच्या भरात जाहिज यांना डार्विनच्या आधीचा डार्विन ठरवतात. मला हे पटत नाही. प्राणी एकमेकांवर जगतात, हवापाण्याचा त्यांच्यावर परिणाम होतो, हे त्यांनी लिहिले, हे खरे. परंतु १८५९ साली डार्विनने मांडलेला नैसर्गिक निवडीचा सिद्धांत त्यांच्या ग्रंथात नाही. जे त्यांनी केले ते काय लहान आहे, म्हणून उसना मोठेपणा चिकटवावा?

स्वीडनच्या लिनियसची पहिली सूची १७३५ ची. तीत देवमासा माशांतच होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने 'सस्तन' हा वर्ग नव्या नावाने मांडला आणि देवमाशाला तेथे आणले. वटवाघळाला तर त्याने थेट माणूस व माकड यांच्या पंगतीला बसवले! कारण काय, तर समोरचे वरचे चार दात आणि छातीवर स्तनांची एक जोडी. लक्षण अचूक पाहिलेले, पण नाते चुकलेले.

नंतरच्या शास्त्रज्ञांनी वटवाघळांचा स्वतंत्र गण केला. कारण त्यांचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडी. अलीकडे पेशींतील डीएनए ताडून पाहिला, तेव्हा ही मंडळी माणसापेक्षा घोडा, कुत्रा, गाय आणि तो देवमासा यांना अधिक जवळची निघाली.