आपल्या किनाऱ्यावरील बायकांची वजने : तीन पिढ्यांची हकिकत

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी जुन्या काळचे लिहा" असे आमच्या चिटणीसबाईंनी मला फर्मावले. मालवणात जुने म्हटले की समोरचा सिंधुदुर्ग किल्ला. 1664 साली त्याची पायाभरणी झाली. त्याचा इतिहास विद्वान मंडळींनी लिहिला आहे, आणि पुढेही लिहितील. मी सातवी शिकलेली बाई. मला जो इतिहास ठाऊक आहे तो व्हायन, विहीर आणि चूल यांच्यापलीकडचा नाही. तेव्हा भगिनींनो, आपल्या आज्या, आया आणि आपण यांच्या देहाचा इतिहास लिहावा असे मनात आले. आपल्या बैठकीत दर वेळी कोणी ना कोणी वजनाचा विषय काढतेच, मग तो एकदा नीट मांडलेला काय वाईट?

आमच्या आजीच्या काळी माणसाचे वजन करण्याची रीतच नव्हती. भात मोजायचे ते पायली, कुडव आणि खंडीने, खोबरे तोलायचे ते शेरा-मणाने. 1 ऑक्टोबर 1958 पासून किलोची नवी मापे सुरू झाली, तरी आजी शेवटपर्यंत शेरच म्हणे. माणूस "अंगान भरलो" की "सुकलो" हे नजरेनेच ठरत असे. त्यातही अंगाने भरलेली बाई म्हणजे सुखात नांदणारी बाई. माहेरी आलेल्या लेकीकडे पाहून आई पहिला प्रश्न विचारी तो, "गो, सुकलंस कशी?" हल्ली कोणी "बारीक झालीस" म्हटले की आपण खूश होतो. शब्द जवळपास तोच, पण ऐकणारीचे मन पार उलटे झाले.

आता आजीचा दिवस ऐका. पहाटे उठून विहिरीवरून हंडा-कळशीने पाणी भरायचे. घरात नऊ माणसे, गुरे वेगळी. भात मोठ्या टोपात उकडायचे, खळ्यात वाळवायचे आणि मग दोघी जावांनी समोरासमोर उभे राहून व्हायनात मुसळाने कांडायचे. नाचणी जात्यावर, वाटण पाट्यावर. चुलीसाठी चुडते आणि लाकडे डोक्यावरून आणायची. पावसात इरले पाठीवर घेऊन दिवसभर वाकून लावणी. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन कोस-दोन कोस आतल्या गावांत विकायला जाणाऱ्या बायका तर याहून जास्त चालत. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत खारातली कैरी किंवा भाजलेला सुका बांगडा. आजी म्हणे, "पेज पोटात गेल्याशिवाय काम होवचा नाय." दुपारी भात आणि आमटी, रात्री नाचणीची भाकरी किंवा कुळथाची पिठी. गोड म्हणजे गूळ, तोही सणाला. तेलाची बाटली महिनाभर पुरत असे, कारण कालवणाला चव यायची ती नारळाच्या रसाची.

असे वर्णन केले की हल्लीचे लोक उसासा टाकून म्हणतात, "म्हणून ती माणसे सडसडीत आणि निरोगी." इथेच माझा मतभेद आहे. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ते एकदा दोन तास ओढून पाहावे. श्रावण-भाद्रपदात कणगी रिकामी होई आणि नवे भात अजून शेतात असे. होडी समुद्रात जात नसे. मग टाकळ्याची भाजी, पुढे करांदे, आणि पातळ पेज. त्या पेजेतली शिते पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात, वरचे पाणी बायकांच्या वाट्याला. सर्वांची जेवणे उरकली की उरलेले ते आपले, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडतही कोणी नसे. आजी सडसडीत होती ती निरोगी म्हणून नव्हे. तिचे डोळे पांढरेफटक होते, आठ बाळंतपणांत चार मुले जगली.

घराला रोख पैसा यायचा तो मुंबईहून, मनीऑर्डरने. आमचे आजोबा गिरणीत होते. गिरणगावात खोलीत पंधरा-वीस जण राहत आणि खाणावळीत जेवत. ते गावी आले की बोटीने येत आणि सोबत बिस्किटांचे पुडे, चहाची भुकटी, साखर आणत. मुंबईत 1943 साली रेशनिंग आले, पुढे परदेशी गहू आला, आणि आपल्या भातखाऊ मुलखात चपातीने पाऊल टाकले ते बरेचसे या वाटेने. माझी आई सांगते, तिच्या लहानपणी चपाती पाहुण्यांसाठी होई. गव्हाची चपाती खाणारे घर म्हणजे सुधारलेले घर, आणि नाचणीची भाकरी म्हणजे गरिबीची खूण. हा मान-अपमान नाचणीला फार भोवला.

तांदळाचेही तसेच. भात सडण्याची गिरणी आली आणि मुसळ कोपऱ्यात गेले. वर्ध्याला मगनवाडीत 1934 साली ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने हातसडीच्या तांदळाचा पुष्कळ प्रचार केला. हातसडीचा धंदा टिकावा म्हणून सरकारने 1958 साली भाताच्या गिरण्यांवर नियंत्रणाचा कायदासुद्धा केला. पण कांडण कोण करणार, हा प्रश्न त्या प्रचारात कोणी बायकांना विचारला असेल असे मला वाटत नाही. माझ्या आईने गिरणीत पहिल्यांदा भात टाकले तेव्हा तिला सुटल्यासारखे झाले. पांढरा तांदूळ आला, कोंडा गेला, पण तिच्या खांद्याचे दुखणेही गेले.

आईच्या पिढीत बदल दमादमाने झाले. एस.टी. गावात आली, तशी चालण्याची अंतरे तुटली. विहिरीवर पंप बसला. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुष्कळ घरांतील मनीऑर्डरी थांबल्या, आमच्याही. त्या दोन-तीन वर्षांत आई परत नाचणी आणि पेजेवर आली. मी तेव्हा लहान होते. पुढे मात्र गाडी वेगाने धावली. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाला. तारकर्ली-देवबागला पाहुणे येऊ लागले. समुद्रावर यांत्रिक बोटी आल्या, ट्रॉलर आले. पाचपन्नास माणसांनी मिळून ओढायची रापण मागे पडली. शेते पडीक राहिली. घरात गॅस, मिक्सर, नळ आणि दारात स्कूटर. तेलाचा पाच लिटरचा डबा. पावसाळ्यात वडे, उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी वडे, आणि उरले की घरच्यांसाठीही वडे. पूर्वी कोंबडी-वडे वर्षाला एक-दोनदा होत. आता फलक लावून रोज होतात. चहाबरोबर खारी आणि टोस्ट. काम कमी झाले असे मी म्हणणार नाही. पाहुण्यांचे घर चालवणारी बाई पहाटे पाचला उठते आणि रात्री अकराला पाठ टेकते. परंतु ते काम उभ्याचे आणि बसल्याचे आहे. दमणूक तितकीच, पण घाम गळत नाही.

हा बदल साऱ्या देशात झाला. सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. 2005-06 साली देशातील 15 ते 49 वयाच्या दर 100 बायकांत सुमारे 36 हाडकुळ्या आणि 13 जाड होत्या. 2019-21 च्या पाहणीत हाडकुळ्या 19 वर आल्या आणि जाड 24 वर गेल्या. अवघ्या पंधरा वर्षांत पारडे फिरले. हा हिशेब किलोतले वजन आणि मीटरमधल्या उंचीचा वर्ग यांच्या भागाकाराने करतात. उत्तर 18.5 च्या खाली आले तर हाडकुळी, 25 आले की जाड. आपल्या देशातील डॉक्टर 23 पासूनच सावध राहा म्हणतात. पाच फुटी बाईला हे आकडे साधारण 43, 58 आणि 53 किलो असे पडतात.

आपल्याला 23 लाच का थांबवतात, हे मला आमच्या सासूबाईंमुळे समजून घ्यावे लागले. त्यांचे वजन जेमतेम 47 किलो. अंगावर मांस नाही, आणि साठीच्या आधी साखरेचा आजार निघाला. शेजारणी म्हणाल्या, तपासणी चुकली असेल, साखर म्हणजे जाड्या माणसांचा आजार. परत तपासले, तेच आले.

याचे उत्तर पुण्यात सापडले आहे. तेथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बायकांची गरोदरपणाआधीची वजने सरासरी 42 किलोच्या आसपास, म्हणजे आमच्या आजीसारखीच. बाळे 2.7 किलोची. इंग्लंडातील साउदॅम्प्टन गावची बाळे 3.5 किलोची. पण नवल पुढेच आहे. आपली बाळे हाडामांसाने लहान असली तरी त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबी. आईच्या पोटात उपाशी राहिलेला जीव मिळेल ते साठवून ठेवायला शिकतो. पुढे त्याला पोटभर मिळू लागले आणि कष्ट थांबले, की साठवण्याची ती सवय त्याच्यावर उलटते. स्वतः डॉ. याज्ञिक आणि त्यांचे एक इंग्रज डॉक्टर मित्र यांचे फोटो 2004 साली एका वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी छापले होते. दोघांचाही तो भागाकार 22.3, पण इंग्रजांच्या अंगात चरबी शेकडा 9 आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात 21!

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ज्या गरोदर बायका पाणी भरणे, शेतात राबणे अशी जड कामे जास्त करीत, त्यांची बाळे जास्त लहान होती. ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर असे, त्यांची बाळे थोरली. हे ऐकल्यापासून "तुमच्या पिढीला आळसाने जाड केले" असे कोणी म्हटले की मी गप्प बसत नाही. आमच्या वजनात आमच्या चपात्या आणि खारी आहेतच, ते नाकारून चालणार नाही. पण आज्यांनी प्यायलेले पेजेवरचे पाणीही त्यात आहे.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. ती मोबाइलमधील मुलींकडे पाहून रात्रीचे जेवण टाकू लागली होती. उंची पाच फूट एक इंच, वजन 41. तिला मी आजीची गोष्ट सांगितली, मग पुण्याच्या बाळांची. ती म्हणाली, "आई, मला आत्ता कुठे बाळ व्हायचंय?" मी म्हटले, बाळ राहू दे, तुझे स्वतःचे हाड अजून भरते आहे. हल्ली ती भात अर्धी मूद घेते, पण बांगडा अख्खा घेते, आणि पावसाळ्यात टाकळा खुडायला माझ्याबरोबर पाणंदीने येते. सासूबाईंनी नाचणी परत सुरू केली आहे. पीठ मात्र गिरणीतून येते. जाते अंगणात पालथे घातले आहे, त्यावर तुळशीच्या रोपांच्या कुंड्या ठेवल्या आहेत.