उमेदवार : एका शब्दाचा आणि एका भीतीचा इतिहास

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. पुण्यातल्या एका बिझनेस स्कूलमध्ये तो एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅम्पसवर कंपन्या येऊ लागल्या आहेत. चार शॉर्टलिस्ट लागल्या, एकीतही त्याचं नाव नव्हतं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "मामू, मेरे में च कुछ कमी है क्या?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. २००९च्या जानेवारीत हाच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो. अशाच एका कॉलेजात, मित्राकडून मागून आणलेला ब्लेझर घालून. आमच्या आधीच्या बॅचची बहुतेक मुलं दिवाळीनंतर लगेच ‘प्लेस’ झाली होती. आमच्या वेळी १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या काही महिन्यांत आमच्या नोटीस बोर्डावरच्या तारखा एकेक करून खोडल्या गेल्या. अभ्यासक्रम तोच, शिक्षक तेच. तरीही आम्हाला वाटत होतं की आमची बॅचच कच्ची आहे. अब्बांनी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र मंदी ओळखत नव्हता.

पुढे इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं, ही भीती जुनी आहे. ती आपल्या भाषेतच जपलेली आहे. ‘उमेदवार’ हा शब्द घ्या. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा, तिला ‘वार’ जोडून झालेला, म्हणजे आशा बाळगणारा. मराठीत ‘उमेदवारी करणे’ याचा अर्थ निवडणूक लढवणे इतकाच नव्हता. दफ्तरात, कचेरीत जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी काम शिकत राहणे म्हणजे उमेदवारी. आजच्या इंटर्नशिपची ती आजी म्हणायला हरकत नाही. तिचे गोडवे गाण्याचंही कारण नाही. तिथे शिरायला वशिला लागायचा, आणि वशिला जात, नातं व ओळखीतून यायचा. ज्याच्या घरात आधीपासून लेखणी होती, त्याचाच मुलगा उमेदवार व्हायचा.

नोकरी मागायला गेलेल्याचा दर्जा कसा बदलतो, याचा एक किस्सा हालींनी मिर्झा गालिबच्या चरित्रात नोंदवला आहे. दिल्ली कॉलेजात फारसीच्या अध्यापकाची जागा होती. गालिब पालखीतून थॉमसन साहेबांच्या बंगल्यावर गेले आणि रिवाजाप्रमाणे साहेब स्वागताला बाहेर येतील म्हणून थांबले. साहेबांनी स्पष्ट केलं की तो मान दरबारात पाहुणे म्हणून याल तेव्हा, आज तुम्ही नोकरीसाठी आला आहात. नोकरीने इज्जत वाढावी, घटू नये, असं सांगून गालिबनी पालखी फिरवली. ती जागा इमाम बख्श सहबाई यांनी स्वीकारली. हा किस्सा आपण गालिबच्या बाणेदारपणासाठी सांगतो. मला मात्र त्यात सहबाईही दिसतात. तेही मोठे विद्वान होते. पालखी फिरवणं सगळ्यांना परवडत नाही, आणि जो फिरवत नाही तो कमी दर्जाचा ठरत नाही.

आता बिझनेस स्कूलकडे येऊ. अमेरिकेत व्हॉर्टन १८८१मध्ये आणि हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८मध्ये सुरू झालं. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज उभं राहिलं, वाणिज्य शिक्षणाचा आपल्याकडचा पाया तिथे घातला गेला. १९६१मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद इथे आयआयएम स्थापन झाल्या. एकीला एमआयटीच्या स्लोन स्कूलचं, दुसरीला हार्वर्डचं सहकार्य होतं. १९६५मध्ये मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज संस्था आली. नियोजनाचे, नव्या कारखान्यांचे ते दिवस. देशाला व्यवस्थापक हवे आहेत, हा विचार त्यामागे होता.

अहमदाबादच्या संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई. १९६५मध्ये ते रुजू झाले आणि १९७२मध्ये स्वतःहून पद सोडून त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. नंतर राजस्थानातल्या जवाजा भागात जाऊन त्यांनी विणकर आणि चामड्याचं काम करणाऱ्यांबरोबर प्रयोग केला. आजच्या प्लेसमेंटच्या भाषेत या माणसाची ‘प्रोफाइल’ घसरली असं म्हणावं लागेल.

१९९१नंतर चित्र पालटलं. परदेशी बँका, सल्लागार कंपन्या कॅम्पसवर आल्या. पगाराचे आकडे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकू लागले. ‘डे झीरो’सारखे शब्द रुळले. गल्लोगल्ली खासगी संस्था निघाल्या आणि त्यांच्या जाहिरातीत एकच आकडा मोठा छापला जाऊ लागला, सर्वोच्च पॅकेज. साठ मुलांच्या वर्गात एकाला तीस लाख मिळाले आणि बाकीच्यांना पाच, तरी सरासरी पाच लाख बेचाळीस हजारांच्या आसपास जाते. म्हणजे एकोणसाठ मुलं ‘सरासरीपेक्षा कमी’ ठरतात. त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नसतं.

आमच्या मुलांच्या शंकेला आणखी एक पदर आहे. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार आयआयएममधल्या विद्यार्थ्यांत मुसलमानांचं प्रमाण १.३ टक्के होतं. २००७मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास आला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत होता. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लीम नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे एक-तृतीयांश निघाली. दलित नावालाही ती कमीच होती.

२००९च्या एका मुलाखतीत माझं नाव वाचून समोरचे गृहस्थ क्षणभर थांबले होते. कदाचित ते पुढचा कागद शोधत असतील. मला नकार आला तो मंदीमुळे, इंग्रजीमुळे, गुणांमुळे की नावामुळे, हे आजही ठाऊक नाही. कारण कळत नाही तेव्हा माणूस स्वतःलाच कारण ठरवून मोकळा होतो. त्या काळात मी आरशासमोर बोलण्याचा सराव करायचो आणि घरी फोन करणं टाळायचो. अब्बा विचारायचे, "जेवलास का?" मला ऐकू यायचं, "नोकरी लागली का?"

जूनमध्ये कॅम्पसबाहेर, एका छोट्या वितरकाकडे मला काम मिळालं. पगार जाहिरातीत छापण्यासारखा नव्हता. पण हप्ता सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला फोन केला. ‘तुझ्यात काही कमी नाही’ असं म्हटलं नाही. तो खोटा दिलासा त्याला लगेच ओळखता आला असता. त्याचं एक्सेल कच्चं आहे, ते शिकता येतं, एवढं सांगितलं. मग २००८ आणि २००९च्या आमच्या दोन बॅचची गोष्ट सांगितली. बाजार एका वर्षात काय करतो, ते त्याने स्वतःच्या खात्यावर लिहू नये म्हणून. नावाबद्दलही बोललो, लपवून उपयोग नसतो. आणि घरी फोन करत जा, असं बजावलं.

शेवटी त्याला विचारलं, उमेदवारचा अर्थ माहीत आहे का?

म्हणाला, "जिसको टिकट मिलता वो."

मी खरा अर्थ सांगितला. त्यावर तो काही बोलला नाही. पाचवी शॉर्टलिस्ट अजून लागायची आहे.