थ्रेड : घरच्या चित्रफितीला स्वस्त संगणक पुरत होता का? (१९९९–२००२)

१/ बारशाची, लग्नाची, सहलीची चित्रफीत घरीच कापावी, जोडावी आणि तिची तबकडी करावी, ही हौस या शतकाच्या उंबरठ्यावर मध्यमवर्गाला खुणावू लागली होती. प्रश्न असा की दुकानात मांडलेला स्वस्त डेस्कटॉप या कामाला पुरेल काय? जाहिराती मेगाहर्ट्झचे आकडे मिरवीत असत. खरे उत्तर मात्र हार्ड डिस्कच्या आकारात आणि संगणकाच्या एका लहानशा खाचेत दडलेले होते.

२/ १९९५ मध्ये बाजारात आलेले डीव्ही कॅमेरे चित्र अंकीय रूपातच फितीवर नोंदवीत. त्या चित्राचा ओघ सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट. त्या काळच्या यूएसबीची कमाल मर्यादा १२ मेगाबिट! म्हणजे प्रक्रियक कितीही वेगवान असो, यूएसबीच्या वाटेने हे चित्र मूळ रूपात वाहून नेणे अशक्यच होते. ४०० मेगाबिटची फायरवायर खाच हवी, आणि स्वस्त पीसीमध्ये नेमकी तीच नसे. तिचे कार्ड वेगळे विकत घेऊन बसवावे लागे.

३/ ऑक्टोबर १९९९ मध्ये ॲपलने ‘आयमॅक डीव्ही’ आणला. किंमत १,२९९ डॉलर, दोन फायरवायर खाचा, सोबत आयमूव्ही हे संपादनाचे सॉफ्टवेअर. घरच्या चित्रपटासाठीच घडवलेले हे यंत्र होते. आता हिशेब करू. आवाजासकट डीव्हीचा ओघ सेकंदाला सुमारे ३.६ मेगाबाइट, म्हणजे तासाला १३ गिगाबाइट. या आयमॅकची हार्ड डिस्क १० गिगाबाइटची! संपूर्ण रिकामी असती तरी पाऊण तासाहून फारसे अधिक चित्र तिच्यात मावले नसते. एका तासाची कॅसेटदेखील नाही.

४/ शिवाय त्यातला डीव्हीडी ड्राइव्ह केवळ वाचणारा. संपादित चित्र पुन्हा कॅमेऱ्यातील फितीवर उतरवायचे, हाच राजमार्ग. तरीही माझ्या मते ते यंत्र फसवे नव्हते. दहा मिनिटांचा नेटका चित्रपट करणाऱ्याला ते उत्तम होते. तीन तासांच्या लग्नाला नव्हे.

५/ विंडोज ९८ किंवा मिलेनियम असलेल्या पीसीवर आणखी एक अडसर होता. तिथल्या फॅट३२ पद्धतीत एक फाइल ४ गिगाबाइटच्या पुढे जात नसे. सुमारे १९ मिनिटांत फाइल भरे. मग तुकडे करा!

६/ जानेवारी २००१ मध्ये ॲपलचा पॉवर मॅक जी४ डीव्हीडी लिहू लागला, सोबत आयडीव्हीडी. किंमत ३,४९९ डॉलर. कोरी तबकडी सुमारे १० डॉलरला. कंपनीचा दावा असा की एमपेग-२ मध्ये रूपांतर करायला मूळ चित्राच्या २५ पट लागणारा वेळ आता दुपटीवर आला. यावरून साध्या यंत्राची दशा ओळखावी. पुढच्याच जानेवारीत मात्र डीव्हीडी लिहिणारा आणि ६० गिगाबाइटची डिस्क असलेला आयमॅक १,७९९ डॉलरला मिळू लागला. वर्षभर थांबलेल्यांचे जवळजवळ निम्मे पैसे वाचले.

७/ आपल्याकडे वाट निराळी होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून घेतलेल्या पीसीत सीडी रायटर बसवला की व्हीसीडी करता येई. १९९३ चे हे तंत्र एमपेग-१ वर चाले. मिनिटाला जेमतेम १० मेगाबाइट, एका सीडीत ७४ मिनिटे. टीव्हीखालचा साधा प्लेअर ती निमूटपणे वाजवी. ‘तबकडी हवी’ एवढीच अपेक्षा असेल, तर स्वस्त संगणक पुरेसा होता.

८/ पण व्हीसीडीचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे आणि मूळ डीव्हीचे ७२० × ५७६. तीन चतुर्थांशांहून अधिक बिंदू रूपांतरातच गळून पडत. ज्या घरी व्हीसीडी झाल्यावर मूळ कॅसेट जपून ठेवली, तिथे पुढे मोठी डिस्क आणि डीव्हीडी रायटर आल्यावर तेच लग्न पुन्हा, पूर्ण तपशिलाने उतरवता आले. ज्यांनी काटकसर म्हणून त्याच कॅसेटवर पुढची सहल टिपली, त्यांच्यापाशी आजी-आजोबांचे चेहरे तेवढ्याच धूसर चौकोनांत उरले.